तोतारामभाऊंचा वाचनाचा तास

धुळ्याच्या बसस्थानकावर ज्याने म्हणून कधी गाडीची वाट पाहिली असेल, त्याने तोताराम बैसाण्यांचा आवाज ऐकलेला असणार. चेहरा मात्र फारसा कोणाला ठाऊक नव्हता. चौकशीच्या खिडकीत, जाळीच्या आड बसून हा वाहतूक नियंत्रक बावीस वर्षं माईकवरून गाड्या सांगत होता. साक्री, शिरपूर, दोंडाईचा, पारोळामार्गे जळगाव. आवाज खर्जातला, सावकाश, गावाचं एकही अक्षर न गिळणारा. बाकड्यावर डुलकी लागलेलं माणूसही आपल्या गावाचं नाव बरोबर ऐकून पिशवी उचलतं, असं डेपोतले लोक सांगायचे.

वाचायची सवय त्यांना वडिलांमुळे लागली होती. उखर्डू बैसाणे साक्रीकडच्या एका खेड्यात मजुरीला जायचे. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण बाजारातून गूळ-मीठ आणलं की पुडीचा कागद ते फेकत नसत. झटकून, मांडीवर तळहाताने सरळ करून पोराच्या हातात देत आणि अहिराणीत म्हणत, "काय लिखेल शे, वाच." मग तोताराम ओट्यावर उभा राहून वाचायचा आणि आजूबाजूची चार माणसं काम थांबवून ऐकायची. कुठल्या तरी शहरातल्या चोरीची अर्धी बातमी, अर्धी जाहिरात. पुढे काय झालं ते कधीच कळायचं नाही, कारण उरलेला कागद दुसऱ्याच कोणाच्या मिरच्यांना गेलेला असायचा.

निवृत्त झाल्यावर पहिले दोन-तीन महिने त्यांना घर खायला उठलं. मुलगी नूतन लग्न होऊन जळगावला मेहरूणमध्ये राहायला गेलेली. घरात ते आणि कलाबाई. ते "चहा झाला का?" असं विचारायचे तेव्हा शेजारच्या घरातून कोणी तरी "हो, झाला" म्हणायचं. कलाबाई एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "अहो, आपण दोघंच आहोत घरात. फलाटावर बोलल्यासारखं बोलू नका. आणि सकाळचं जरा बाहेर जात जा."

त्यांच्या घरापासून चार गल्ल्या सोडून, धुळ्याच्या देवपूर भागातच, एक लहान सार्वजनिक वाचनालय आहे. दोन खोल्या, भिंतीला लागून लोखंडी कपाटं, मधे एक लांब टेबल आणि दारापुढे पत्र्याखाली ऐसपैस ओटा. तोतारामभाऊ तिथे पेपर वाचायला जाऊ लागले. ग्रंथपाल सुलक्षणा चाळिशीतली, कमी बोलणारी आणि एका जागी न बसणारी बाई. पुस्तकं नेणारे कमी झाले म्हणून हात जोडून बसणं तिला जमत नव्हतं. बुधवारी ती लोकांना सरकारी अर्ज भरून द्यायची, शनिवारी शाळेतल्या मुलांना गोष्टी सांगायची, उन्हाळ्यात बायकांसाठी शिवणाचे वर्ग ठेवायची. कोणी म्हणालं की हे काय वाचनालयाचं काम आहे का, तर ती म्हणायची, "माणूस आत तर आला पाहिजे आधी."

त्या वर्षी थंडीत तिने डोळे तपासणीचं शिबिर ठेवलं. दीडशे माणसं आली आणि ओट्यावर एकच गलका झाला. पेपर वाचत बसलेल्या तोतारामभाऊंना राहवलं नाही. ते उठले, तिच्या हातातली यादी घेतली आणि नावं पुकारायला लागले. माईक नव्हता, लागलाही नाही. पाच मिनिटांत माणसं रांगेत बसली. म्हाताऱ्यांपैकी दोघा-तिघांनी माना वर करून म्हटलं, "हा आवाज कुठे तरी ऐकलाय."

त्या शिबिरात अभिमन आबा आले होते. अमळनेरकडचे शेतकरी, वय पंच्याहत्तरीचं, अंगाने पहिलवानी. पोराला धुळ्यात नोकरी, म्हणून म्हातारपणी देवपुरात येऊन राहिलेले. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून सांगितलं की हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थोडी सांभाळू. आबा काठी टेकत उठले. मग ओट्याच्या कडेवर येऊन बसले आणि बाजूला कोण आहे हे न बघताच म्हणाले, "मंग आते मना पेपर कोन वाची?"

बाजूला तोतारामभाऊ होते. "मी वाचतो ना, आबा. उद्या दहाला या."

दुसऱ्या दिवशी आबा पावणेदहालाच हजर. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीचे दोघे आले. महिन्याभरात आठ-दहा माणसं झाली. कोणाचे डोळे गेलेले, कोणाला वाचता न येणारं, कोणाला नुसतीच सोबत हवी असलेली. सुलक्षणाने फळ्यावर खडूने लिहिलं, 'रोज सकाळी दहा ते अकरा, पेपरवाचन. ऐकायला या.' मग तिच्याच लक्षात आलं की ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना हे वाचता येणार नाही. ती हसली, फळा तसाच ठेवला आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगून आली.

एका बुधवारी अर्ज भरून घ्यायला कुंदाबाई आल्या. कॉलेजच्या पोरांच्या खानावळीत पोळ्या लाटणारी ही बाई, पन्नाशी ओलांडलेली, शाळेत एक दिवसही न गेलेली. अर्ज झाला तरी त्या उंबऱ्यावरच बसून राहिल्या. आत तोतारामभाऊ वाचत होते. दुसऱ्या दिवसापासून पहाटेच्या पोळ्या उरकून, हाताचं पीठ पदराला पुसत त्या रोज दहाला येऊ लागल्या. मधेच प्रश्न विचारायच्या. बातमीतला माणूस मूळचा कुठला, त्याला पोरंबाळं किती, हे पेपरात नसलेलंही त्यांना हवं असायचं. तोतारामभाऊ वैतागत नसत. "ते लिहिलं नाही, कुंदाबाई. पण गाव नंदुरबारकडचं दिसतंय," असं काहीबाही सांगून पुढे जात.

अशी पाच-सहा वर्षं गेली. लॉकडाऊनमध्ये वाचनालय बंद झालं तेव्हा ते रोज दहाला आबांना फोन लावायचे आणि आबांचा मुलगा फोन मोठ्या आवाजावर टाकून खाटेवर ठेवायचा. रविवारी विहारात वंदना घ्यायची तर तोतारामभाऊंनीच, वाचनालयात कोणाचं व्याख्यान असलं तर पाहुण्यांची ओळख करून द्यायची तीही त्यांनीच. निवृत्तीनंतर आपण रिकामे झालो असं त्यांना पुन्हा कधी वाटलं नाही.

मग गळ्याला गाठ आली. नूतननेच ती पहिल्यांदा पाहिली. नाशिकला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काढावी लागेल, आणि गाठ आवाजाच्या नसेला अगदी चिकटून आहे, तेव्हा आवाजावर परिणाम होऊ शकतो. कागदावर सही करताना तोतारामभाऊंनी ते वाक्य दोनदा वाचलं. गाठ निघाली. ती वाईट नव्हती, जिवाचा धोका टळला. पण चार दिवसांनी त्यांनी कलाबाईंना हाक मारली, तेव्हा तोंडातून नुसती हवा आली. अंगणात वाळलेली पानं सरकावीत तसा आवाज. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, थोडा सुधारेल, पूर्वीसारखा होईलच असं सांगता येत नाही.

सहा महिने व्यायाम केले. वाफ घेतली, गुळण्या केल्या. खिशात ज्येष्ठमधाची कांडी असायची. कुजबुज जरा स्पष्ट झाली, तिच्यापुढे गाडी सरकली नाही. भाजीवाल्याला दोनदा सांगावं लागायचं, तेव्हा ते भाजी आणायला जाईनासे झाले. फोन उचलीनासे झाले. नूतन जळगावहून यायची, तिच्याशीही ते मान हलवूनच बोलायचे. विहारात मागच्या भिंतीला टेकून बसायचे. वाचनालयाच्या गल्लीतून तर ते जातच नव्हते. बँकेत जायचं असलं की लांबचा रस्ता धरायचे.

इकडे दहाचं वाचन सुलक्षणाने चालू ठेवलं. पण तिला वाचता वाचता उठावं लागे. कोणी पुस्तक बदलायला येई, कोणाचा फोन येई. मग वाचनालयाचे सचिव बन्सीलाल यांनी एक तोडगा काढला. त्यांनी मोबाईलवर बातम्या लावून तो टेबलावर ठेवला. आवाज गोड होता, स्पष्ट होता. दोन दिवस सगळ्यांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी आबा उठून उभे राहिले. "याले काही इचारता येत नही," म्हणाले आणि काठी टेकत घरी गेले. हळूहळू माणसं गळाली. तीन उरली.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एक दिवस सकाळी तोतारामभाऊंच्या दारात काठीचा ठकठक आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर अभिमन आबा. नातवाला कोपऱ्यापर्यंत आणून परत पाठवलेलं, आणि पुढची गल्ली भिंतीला हात लावत एकटेच आलेले. तोतारामभाऊंनी कलाबाईंकडे पाहून हात हलवला. नाही म्हणून सांग.

कलाबाईंना ते रुचलं नाही. पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्या दारात गेल्या.

"तोतारामभाऊ शे का घरमां?"

"नाहीत आबा. बाहेर गेलेत."

आबा ओट्यावर बसले. पाणी मागितलं, प्याले. गावाकडे कापूस बरा आहे म्हणाले, नातीचं लग्न ठरतंय म्हणाले. आतल्या खोलीत तोतारामभाऊ पलंगाच्या कडेवर श्वास धरून बसले होते. ऑपरेशनपासून त्यांचा घसा मधूनच खवखवे. आत्ताही खवखवला. तोंडावर उपरणं दाबलं तरी एक ढास निसटलीच.

बाहेर आबा बोलता बोलता थांबले. मग तांब्या खाली ठेवत म्हणाले, "बरं. पन खोकला तं त्यास्नाच शे."

आबा रागावले नाहीत. गुडघ्यावर हात देऊन उठले आणि दाराच्या दिशेने, पण आत ऐकू जाईल असं म्हणाले, "त्यास्ले सांगजो, अभिमन येल व्हता. आनि सांगजो, मना डोया गयात, कान शेतस आजून."

कलाबाई त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आल्या. दुपारी ताट वाढलं, समोर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. तोतारामभाऊंनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. ज्याला दिसत नाही त्या माणसापासून आपण लपलो, ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना. पुढचे चार दिवस त्यांना दहा वाजले की कळायचं. घड्याळ बघावं लागायचं नाही.

पाचव्या दिवशी ते वाचनालयात गेले, पण मुद्दाम दुपारी, जेव्हा कोणी नसतं. सुलक्षणा फाटक्या पुस्तकांना खळ लावत बसली होती. तिने "या भाऊ" म्हटलं, खुर्ची सरकवली आणि अर्धं काम त्यांच्यापुढे ठेवलं. कुठे होतात, कसे आहात, काही विचारलं नाही. तासभर दोघांनी पुस्तकं चिकटवली. निघताना तोतारामभाऊच कुजबुजले, "आबा येतात का?"

"येतात. बसतात आणि जातात."

"उद्या येतो मी. पण मला जमेल असं वाटत नाही."

"नाही जमलं तर पुस्तकं चिकटवू," सुलक्षणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बातमी आधीच फुटलेली होती. सात-आठ जण जमले होते. बन्सीलालांनी उत्साहाने कोणाकडून तरी माईक आणि स्पीकर आणून टेबलावर मांडला होता. तोतारामभाऊंनी माईक पाहिला आणि ते उंबऱ्यातच थांबले. तरी बसले. पेपर उघडला, पहिली ओळ वाचली. स्पीकरमधून नुसता फुसफुसाट बाहेर पडला, फुटलेल्या नळासारखा. मग शिट्टी वाजली. बन्सीलाल बटणं फिरवू लागले, शिट्टी वाढली. एकाने कानावर हात ठेवले. तोतारामभाऊंनी पेपरची घडी घातली आणि खुर्ची मागे सरकवली.

"ते बंद करा," आबा म्हणाले. "बंद करा ते यंत्र. तोताराम, बठ. मीच येस जोडे."

त्यांनी आपली खुर्ची उचलून टेबलाशी आणली. बाकीच्यांनीही आणल्या. पण लोखंडी खुर्च्यांचे हात एकमेकांना अडत होते आणि मधे लांब टेबल होतंच. कुंदाबाई जरा वेळ बघत राहिल्या. मग कपाटामागची सतरंजी ओढून ओट्यावर अंथरली. "आठे बसा बठ्ठा. खुर्च्या राहू द्या."

म्हातारी माणसं एकमेकांना धरून खाली बसली. तोतारामभाऊ मधे, त्यांच्या गुडघ्याला आबांचा गुडघा. आबांनी कान अगदी पेपराशी आणला. तोतारामभाऊंनी वाचलं. अक्कलपाडा धरणातून पांझरेत पाणी सोडणार, नदीकाठच्या रहिवाशांना सतर्कतेचा इशारा. आबांनी मान हलवली. पलीकडे बसलेल्या दोघांना मात्र कळलं नाही. "काय म्हनतंस?" एकाने विचारलं.

कुंदाबाई उजव्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून खणखणीत सांगितलं, "पांझराले पानी सोडतीन म्हने. नदीकाठले कोनी जावानं नही."

तोतारामभाऊ थांबले. बाई पुढच्या ओळीची वाट बघत त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांनी पुढची ओळ वाचली. कुंदाबाईंनी ती आपल्या बोलीत करून मागे पोचवली. पुस्तकी मराठीतली बातमी अहिराणीतून अशी काही येई की माणसं हसत. कुठल्या तरी कार्यालयाच्या फेरबदलाची कोरडी बातमी कुंदाबाईंनी 'ह्या खुर्चीवरना त्या खुर्चीवर गया' एवढ्यात उरकली. पंधरा मिनिटांत तोतारामभाऊंचा घसा दमला. त्यांनी हात वर केला, आणि त्या दिवशी तिथेच थांबले.

घरी गेल्यावर कलाबाईंनी काही न विचारता शेवभाजी केली. जेवताना तोतारामभाऊ कुजबुजले, "मी त्यांच्यापासून लपायला नको होतं."

"मलाही खोटं बोलायला लावायला नको होतं," कलाबाई म्हणाल्या, आणि आणखी एक भाकरी वाढली.

त्यानंतर वाचन रोज होऊ लागलं. पंधरा मिनिटांची वीस झाली, वीसची पंचवीस. त्याच्यापुढे घसा जात नाही आणि आता ते हट्टही करत नाहीत. उरलेला वेळ माणसं आपसात बोलतात. पूर्वी खुर्च्यांवर रांगेने बसून ऐकणारी माणसं आता गोल बसतात, त्यामुळे बोलणं वाढलं. कोणाच्या घरी काय चाललंय ते पेपराच्या बातम्यांत मिसळतं. आबांच्या नातीचं लग्न ठरलं ते आधी इथेच कळलं.

या सगळ्यात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. कुंदाबाई रोज पेपराला लागून बसत. तोतारामभाऊ जे वाचत त्यावर बोट ठेवत, ते थोडं आपल्या सवयीने आणि थोडं ओळ चुकू नये म्हणून. बाईंची नजर त्या बोटाबरोबर चालत असे. एका सकाळी तोतारामभाऊंनी बोट मथळ्यावर ठेवलं आणि घसा साफ करायला थांबले, तेवढ्यात कुंदाबाई म्हणाल्या, "धुळे."

त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग बोट पुढच्या शब्दावर सरकवलं.

"म... मनपा?" कुंदाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या. "ते तुमी रोज म्हंतस ना. आकार वळखीचा व्हयी गया."

तोतारामभाऊंनी त्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही. घरी जाऊन मात्र कपाटात नूतनची जुनी पाटी शोधत बसले. पाटी सापडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुलक्षणाकडून पहिलीचं पुस्तक मागून घेतलं आणि वाचन संपल्यावर कुंदाबाईंपुढे ठेवलं. बाईंनी चित्रं बघितली, पानं उलटली आणि पुस्तक परत केलं. "हे पोरेस्नं शे. माले पेपरच शिकाडा."

तेव्हापासून वाचनानंतर अर्धा तास दोघं ओट्यावर बसतात. शिकवायला कुजबुज पुरते. कुंदाबाईंना बारीक अक्षर जमत नाही, म्हणून मथळे. जोडाक्षर आलं की त्या त्याच्याकडे रागाने बघतात. पोळ्या लाटताना त्यांनी पिठावर बोटाने 'क' काढला, तो खानावळीतल्या पोरांनी पाहिला आणि आता पोरं येता-जाता एकेक अक्षर काढून जातात. सुलक्षणाने हे कळल्यावर खानावळीच्या आणखी दोघींना विचारलं. एक आली. तिला तोतारामभाऊंचं बोलणं पहिल्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा कुंदाबाईंनीच तिला 'ग' शिकवला.

परवा सकाळी तोतारामभाऊंना सर्दी होती, कुजबुजही फुटत नव्हती. त्यांनी पेपर उचलून कुंदाबाईंच्या मांडीवर ठेवला. बाई घाबरल्या, पदर सावरला, पेपर दोन्ही हातांनी घट्ट धरला. ओट्यावर सगळे वाट बघत होते. त्यांनी मथळा वाचायला घेतला. एकेक अक्षर पकडत, मधे थांबत. 'शेतकऱ्यांना' शब्दाशी आल्या आणि 'ऱ्या'पाशी अडकल्या. आबांना धीर धरवत नव्हता, ते काठीची मूठ चोळत होते. कोणी तरी मागून शब्द सांगायला तोंड उघडलं, तर तोतारामभाऊंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"घाई नही," आबा अखेर म्हणाले. "अकरा वाजाले आजून येळ शे."

कुंदाबाईंनी बोट पुन्हा शब्दाच्या सुरुवातीला नेलं आणि परत 'शे'पासून लागल्या.